बावन्न किलो

माझी आई दोन वर्षं तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. बदलापूरला आमची इमारत, लिफ्ट नाही, पायऱ्या चोपन्न. खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ती खाली गेली, ऑपरेशन होऊन वर आली, आणि मग पलंगावरच राहिली. वर आणताना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार शेजाऱ्यांनी उचललं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची भिंतीला घासली, आई एका बाजूला कलंडली, पदर सुटला आणि चार पुरुष "अरे धर, धर" करत राहिले. कोणाची काही चूक नव्हती. पण पलंगावर टेकल्या टेकल्या आईने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाली, "आता मला एकदाच खाली न्या. तेव्हा मला कळणारही नाही."

ती एकदा बोलली की बोलली. मी व्हीलचेअर म्हटलं, स्ट्रेचर म्हटलं, सगळ्याला नाही. शेवटी मी विषय सोडून दिला. खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं होतं.

पुढच्या महाशिवरात्रीला सकाळपासून रस्त्यावरून अंबरनाथकडे जाणाऱ्या लोकांचा गलका चालला होता. लग्न होऊन आई आली ती अंबरनाथला, शिवमंदिराच्या मागच्या चाळीत. दर सोमवारी ती मंदिरात जायची. तिथला गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आत अंधार, ओल आणि गारवा. मी पोटात होतो तेव्हाही ती नवव्या महिन्यापर्यंत उतरत होती, हे तिने मला हजार वेळा ऐकवलेलं. त्या दिवशी म्हणाली, "एकदा तिथे उतरून हात टेकवला असता."

मी म्हटलं, "नेतो की. माणसं बोलावतो."

"माणसं नकोत. तू उचलशील तर येते."

आणि हसली. कारण मी नुकताच भाजी घेऊन वर आलो होतो आणि दाराच्या चौकटीला धरून धापा टाकत होतो. असा राग आला म्हणता! आईवर नाही, स्वतःवर.

तेव्हा मी एक्कावन्न वर्षांचा होतो. उल्हासनगर तीन नंबर कॅम्पात जीन्सच्या एका कारखान्यात कटिंग मास्टर. कापडाचे थर टेबलावर पसरायचे, वर माप आखायचं, मशीन फिरवायची, तीस वर्षं हेच. दिवसभर उभं राहायचं काम, पण उभं राहण्याला कोणी व्यायाम म्हणत नाही. रोल उचलायला दोन माणसं वेगळी. माझं काम फक्त मापाचं. लग्न झालं होतं, दोन वर्षंही टिकलं नाही, मूलबाळ नाही. बहीण सुरतेला, रविवारी फोन करते. बाकी घरात मी आणि आई, आणि दिवसभरासाठी येणारी एक मावशी.

महाशिवरात्रीनंतर आठवड्याभराने मी वाण्याला म्हटलं, तांदळाची गोण पाठवू नका, मीच नेतो. पंचवीस किलोची. पहिल्या मजल्यावर गोण खाली ठेवली आणि तिच्यावरच बसलो. डोळ्यांपुढे काजवे. शेजारच्या वहिनी "पाणी आणू का?" म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्यावरच खेकसलो. घरी येऊन आईची हॉस्पिटलची फाइल काढली. पहिल्याच कागदावर होतं, वजन बावन्न किलो. म्हणजे दोन गोण्या आणि वर दोन किलो. मी तो कागद परत ठेवला, पण आकडा डोक्यात बसला तो बसलाच.

मग मोबाइलवर तो नव्वद दिवसांचा कार्यक्रम सापडला. घरच्या घरी, साधनं नकोत, रोज पाऊण तास. शिकवणारा एक दंडाच्या बेटकुळ्या फुगवलेला इसम, मागे पांढरीशुभ्र भिंत, घरात एकही वस्तू नाही. आमच्याकडे बाहेरच्या खोलीत माझा पलंग आणि शिलाई मशीन यांच्या मध्ये जेवढी फरशी उरते तेवढ्यात मी. तो ओरडायचा, "एक और! आप कर सकते हो!" मी म्हणायचो, तुझ्या बापाने केलं होतं का? पण करायचो. उभं राहायचं, खाली बसायचं, पाय मागे फेकायचे, छाती जमिनीला लावायची, परत उठायचं आणि वर उडी मारायची. याला तो 'वॉर्म-अप' म्हणत होता. पहिल्या दिवशी अकराव्या मिनिटाला मी मोरीत जाऊन ओकलो.

आत पलंगावरून आवाज आला, "काय आपटतोयस रे?"

"व्यायाम."

"या वयात? बाई बघितलीस का कोणी?"

कशासाठी चाललंय ते तिला सांगायचं नाही, हे मी ठरवलं होतं. सांगितलं आणि जमलं नाही, तर ती परत हसली असती, आणि या वेळी मला ते सहन झालं नसतं. म्हणून मी गप्प, आणि ती समजली की हा आपला विसरला.

कारखान्यातही कोणाला सांगितलं नाही. चालताना पाय वाकडे पडायला लागले, जिन्यावरून उलटं उतरावं लागायचं, तेव्हा शेठ म्हणाला, "मास्टर, शादी-वादी का चक्कर है क्या?" सगळे हसले, मीही हसलो. शेठ सिंधी, माणूस मोकळा, सांगितलं असतं तर त्याने चार जणांना गोळा करून कौतुक केलं असतं. तेच नको होतं. व्यायामाच्या शेवटी तो मोबाइलवाला रोज म्हणायचा, "अब अपने साथी को हाय-फाइव दो!" पहिले काही दिवस मी नुसता उभा राहायचो. मग एके दिवशी गोदरेजच्या कपाटावर तळवा मारला. धाडकन आवाज आला, बरं वाटलं. तेव्हापासून रोज कपाटाला टाळी द्यायला लागलो, आणि त्यात आपल्याला वाईट वाटतंय हे कळायला मला महिना लागला.

तेविसाव्या दिवशी कंबर धरली. सहा दिवस पडून होतो, एका घरात दोन पलंग आणि दोघंही आडवे. मावशी आईला फिरवायची आणि जाता जाता मला शेक द्यायची. कार्यक्रमाचा नियम होता, तीन दिवस चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. मी शिव्या घातल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्यांदा एकेचाळिसाव्या दिवशी ताप. परत पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला नव्वद दिवस पुरे झाले तेव्हा पडद्यावर रंगीत कागद उडाले आणि त्याने "प्राउड ऑफ यू" म्हटलं. सकाळचे सव्वासहा वाजले होते. सांगायला कोणी नव्हतं. मी चहा टाकला, आईला दिला, ती म्हणाली साखर कमी पडली.

पण नुसत्या उड्यांनी माणूस उचलता येत नाही, हे मला मध्येच कळलं होतं. वजन हवं. कारखान्यात रंगाच्या फरकामुळे बाद झालेल्या पॅन्टी पडलेल्या असतात. त्यातली एक मोठी घेतली, कंबर बेचाळीस. दोन्ही पायांची टोकं दुहेरी टीप मारून बंद केली, समोरच्या बांधकामावरून वाळू मागून आणली आणि वरून भरायला लागलो. आधी दहा किलो, मग पंधरा, वीस. पॅन्ट भरली तेव्हा तिच्या कमरेला अजून एक तुकडा जोडून पोट केलं. कारखान्यातल्या काट्यावर माल जोखतात, तिथे वाळूच्या थैल्या रोज डब्याच्या पिशवीतून न्यायच्या आणि तोलून परत आणायच्या. एक हात गुडघ्यांच्या खाली, एक पाठीमागे, असं धरून चालायची सवय करायची होती, म्हणून वाळू मुद्दाम तशी भरली की गुडघ्यात वाकेल.

ही वस्तू खुर्चीत बसवून ठेवली होती. मावशी सकाळी आली, दिवा लावायच्या आधी तिला खुर्चीत कमरेपासून खालचा माणूस दिसला आणि तिने जी किंकाळी फोडली, अख्खा मजला जागा झाला. आई आतून ओरडतेय, "कोण आलंय?" मावशी म्हणते, "आजी, अर्धाच आलाय!" त्या दिवशी आम्ही तिघंही हसलो. घरात असं हसणं किती दिवसांनी झालं होतं.

मग साडेपाचला उठून ती पॅन्ट दोन्ही हातांवर घेऊन मी जिना उतरायला लागलो. आधी एक मजला, मग दोन. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा दुधाची पिशवी घेताना बघितलं. "काय हो, काय घेऊन चाललाय?"

"वाळू."

"खाली?"

"खाली, आणि परत वर."

चार दिवसांनी कळलं, माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं इमारतीत ठरलंय. एकट्या माणसाचं असंच होतं म्हणे. मी म्हटलं, होऊ दे. डिसेंबर लागला तेव्हा वाळू पन्नास किलो झाली होती आणि मी चोपन्न पायऱ्या उतरून, चोपन्न चढून, मध्ये फक्त एकदा थांबत होतो. ती पॅन्ट छातीशी धरून मी रोज सकाळी जेवढा वेळ चालायचो, तेवढा वेळ आयुष्यात कोणाला छातीशी धरलं नसेन.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या सगळ्या महिन्यांत मी आईला एकदाही उचललं नाही. तिला कुशीवर वळवायचं, न्हाऊ घालायचं, कमोडच्या खुर्चीवर घ्यायचं, ते मावशीचं काम. मुलाने आईच्या अंगाला हात लावू नये असं आमच्यात कोणी बोलून दाखवत नाही, पण असतं. मी ताट पुढे करायचो, गोळ्या हातावर द्यायचो, दिवाळीला पाया पडायचो. आणि आई मोडलेल्या खुब्यानिशीसुद्धा गाऊन घालायला तयार नव्हती, साडीच, वर शाल. दिसायचा तो चेहरा, आणि चेहरा रोजच बघत होतो.

गणपतीच्या सुमाराला मावशीने मला आईची चार पोलकी दिली. "दादा, जरा आत घ्या ना. ढगळ होतात."

मी डब्याच्या सुट्टीत कारखान्यातल्या मशीनवर बसून दोन्ही बाजूंनी एकेक इंच आत घेतली. धुऊन धुऊन कापड सैल पडलं असेल, म्हटलं. दिवाळीनंतर तीच पोलकी परत आली. "अजून थोडी, दादा." परत एकेक इंच. टीप सरळ आली, मावशीने वाखाणली, मला बरं वाटलं.

जानेवारीत बावन्न किलो पुरे झाले. एका शनिवारी मी मध्ये न थांबता वर आलो आणि पॅन्ट खुर्चीत ठेवून आईच्या पलंगाशी गेलो. म्हटलं, "सोमवारी शिवमंदिरात जायचंय."

"कोण?"

"तू आणि मी."

"आणि माणसं?"

"माणसं नाहीत. मी उचलणार."

ती माझ्या दंडांकडे बघायला लागली, पहिल्यांदाच बघत असल्यासारखी. "म्हणून चाललं होतं होय रे हे?" म्हणाली, आणि शालीचं टोक तोंडावर घेतलं. मी तिथून स्वयंपाकघरात गेलो आणि धुतलेली भांडी परत धुतली.

सोमवारी शेठला सांगून सुट्टी घेतली. मावशीने आईला न्हाऊ घातलं, हिरवी साडी नेसवली, केसांत एक छोटा गजरा माळला. खाली रिक्षा उभी केली होती. मी सगळी तयारी केली, अगदी त्या मोबाइलवाल्याने शिकवली होती तशी. पाय फाकवले, गुडघे वाकवले, पोट आवळलं, श्वास घेतला. एक हात तिच्या गुडघ्यांखाली, एक पाठीमागे. आणि बावन्न किलोचा जोर लावून उचललं.

भरलेला समजून रिकामा हंडा उचलावा तसं झालं. तोल जाऊन मी दोन पावलं मागे गेलो आणि कपाटावर आपटलो. मावशी ओरडली, "दादा!" आईने माझ्या सदऱ्याची कॉलर घट्ट धरली. "पडशील रे!"

मी तसाच उभा राहिलो. रोल उचलणारी माणसं वेगळी असली तरी माल तपासून घेताना हाताला वजन कळतं, तीस वर्षांत ते येतंच. पस्तीस. फार तर छत्तीस. साडी धरून.

मी मावशीकडे बघितलं. तिने मान खाली घातली. तिला माहीत होतं, रोज तीच तर उचलत होती. आणि तिने मला सांगितलंही होतं, दोनदा, कपडे हातात देऊन. सुती कापड धुऊन आटतं. सैल पडत नाही. हे मला, कटिंग मास्टरला, कोणी सांगायला हवं होतं? माझ्याच हाताने मी दोन्ही वेळा माप कमी केलं होतं, आणि ते माप कोणाच्या अंगाचं आहे हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. इकडे मी एकेक किलो वाळू वाढवत होतो आणि भिंतीपलीकडे ती एकेक किलो कमी होत होती. मला मोठ्याने रडावंसं वाटलं. पण ती हातांवर होती, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

जिना कसा उतरलो ते आठवत नाही. काही लागलंच नाही त्याला.

मंदिराच्या फाटकाशी रिक्षा थांबली. वालधुनी नदीचा वास येत होता, तो आईने नाक मुरडून घेतला आणि म्हणाली, "हा आहे अजून." बेल-फुलं घेतली. काळ्या दगडाच्या खांबांमधून आत गेलो, आणि गाभाऱ्याच्या पायऱ्या आल्या. ओल्या, अरुंद. मी एकेक पाऊल टाकत उतरलो. आई मोजत होती, ओठांतल्या ओठांत. खाली मी वाकलो, ती माझ्या हातांतून पुढे झुकली आणि तिने ओल्या दगडावर तळवा टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला. मी तिच्या कानामागच्या केसांकडे, गजऱ्याकडे, मानेच्या हाडाकडे बघत होतो. इतक्या जवळून मी तिला लहान असतानाच बघितलं असेन.

वर आल्यावर एक बाई म्हणाल्या, "असा मुलगा सगळ्यांना मिळो हो." मला धरणी दुभंगावी असं वाटलं. आईने मात्र मान ताठ केली आणि "आमचा एकच आहे" म्हणून सांगितलं.

घरी परतलो तेव्हा दुपार झाली होती. रिक्षातून तिला परत हातांवर घेतलं आणि जिना चढायला लागलो. दहाएक पायऱ्या चढल्यावर लक्षात आलं, ती अंग चोरून बसली आहे. पोट आत ओढलेलं, हात छातीशी मिटलेले, श्वाससुद्धा धरलेला. मला जड होऊ नये म्हणून.

"श्वास घे की," मी म्हटलं.

"जड होतेय ना रे मी?"

मला दमही लागला नव्हता. पाचव्या मजल्यापर्यंत पळत गेलो असतो. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. आपण किती उरलोय हे तिला माहीत नव्हतं. माहीत असेल तर ते मला कळू नये असं तिला वाटत होतं.

"होतेस म्हणजे काय," मी म्हटलं. "हात भरून आले माझे. बावन्न किलो आहेस तू."

"बघ! म्हटलं होतं ना तुला." तिने श्वास सोडला, हात मोकळे केले, एक माझ्या खांद्यावर टाकला. "चांगलंचुंगलं खाल्लेलं अंग आहे ते. थांब जरा. दम खा."

पहिल्या मजल्यावर मी थांबलो. तोंड उघडून मोठमोठ्याने धापा टाकल्या. तिने पदराने माझं कपाळ पुसलं, त्यावर घाम नव्हता तरी पुसलं. दुसऱ्या मजल्यावर, ज्या वळणावर खुर्ची घासली होती तिथे, पायरीवर बसलो, तिला मांडीवर घेऊन. वरून सेक्रेटरी उतरत होते, ते भिंतीला चिकटून गेले. आई म्हणाली, "घाई नाही हं मला."

तिसऱ्या मजल्यावर मावशी दार उघडून उभी होती. पलंग समोर दिसत होता, चादर बदललेली, उशी झटकलेली. खुर्चीत वाळूची पॅन्ट बसली होती. मावशीने आईला घ्यायला हात पुढे केले.

"थांबा मावशी," मी म्हटलं, "जरा दम खाऊ दे."